जखऱ्याची पाटी



24 जून जवळ आला. योहान बाप्तिस्त्याचा जन्मदिवस. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक गोव्यात आहेत, त्यांना त्या दिवशी सांजांवचं आमंत्रण असतं. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, विहिरीत उड्या, आणि नव्या जावयाचा थाट. विहिरीतल्या उडीचा अर्थ तिकडची जुनी माणसं अशी सांगतात की, मरियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, तिची ही आठवण. विहीर म्हणजे आईची कूस. म्हणजे पोटुशी बाईच्या पोटात जे हललं त्याचा हा सण, आणि मान मात्र जावयाचा! इकडे बेळगावात विहिरीत कोणी उडी मारत नाही, पण मिस्सा असते, आणि त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातला जो उतारा वाचतात त्यावरच आज लिहायचं आहे. नाताळच्या आधी 23 डिसेंबरलाही तोच उतारा येतो, पण तेव्हा आपलं लक्ष करंज्यांकडे असतं.

प्रसंग बारशाचा म्हणा ना. बाळ आठ दिवसांचं. सुंतेसाठी शेजारीपाजारी, नातेवाईक जमलेत. सगळ्यांनी आपसात ठरवूनच टाकलंय की मुलाचं नाव बापाचंच, जखऱ्या. बाळाची आई नाही म्हणते. म्हातारपणी पहिलटकरीण झालेली एलिझाबेथ (जुन्या बायबलात जिला अलीशिबा म्हणतात ती). योहान हेच नाव, असं सांगते. लोक लगेच हरकत घेतात की तुमच्या नात्यात या नावाचं कोणी नाही. तिच्या शब्दावर कोणी थांबत नाही. बापाला खुणा करून विचारतात. तो नऊ महिने मुका. खुणा कराव्या लागल्या म्हणजे त्याला ऐकूही येत नसावं. तो पाटी मागतो आणि बायकोने सांगितलेलं नावच लिहितो. विषय संपला. त्यानंतर त्याची जीभ मोकळी होते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रसंग शिकवताना आपण नेहमी मुकेपणाच्या शिक्षेबद्दल बोलतो. आम्हाला मात्र वाचताना दरवेळी दुसरीच गोष्ट जाणवते. नाव देवदूताने जखऱ्याला मंदिरात सांगितलं होतं, एलिझाबेथला नव्हे. मग तिला ते कसं कळलं? आम्हाला वाटतं, पाटीवरच कळलं असणार. त्या घरात नऊ महिने पाटीवरच बोलणं चाललं असेल. म्हणून आठव्या दिवशी नातेवाइकांनी घेरल्यावर दोघांचं उत्तर एकच निघालं. तयारी आधीच झालेली होती.

इथे ‘आम्ही’ म्हणजे नवरा-बायको दोघं. टंकायचं काम एकाचं, चुका काढायचं दुसरीचं. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेता घेता गेली काही वर्षं आम्ही आणखी एक काम करतो. पॅरिशमध्ये ज्यांच्याकडे बाळ येणार आहे अशा जोडप्यांना महिन्यातून एकदा मिस्सानंतर एकत्र बसवतो. आम्ही डॉक्टर नाही, बी.ए. आहोत. औषधपाण्याचं सांगायला एक निवृत्त नर्सबाई येतात. आमचा भाग दोघांनी मिळून काय ठरवायचं एवढाच. पहिल्यांदा येणारे तरुण नवरे दाराशी उभे राहतात, बायकोला आत सोडून बाहेर मोटारसायकलवर बसायची त्यांची तयारी असते. त्यांना आत बोलवायचं आणि खुर्ची द्यायची, निम्मं काम तिथेच होतं.

या कामाकडे आम्ही वळलो त्यामागे आमचं स्वतःचं एक दुःख आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे बाळाची चाहूल लागली. आपल्याकडची रीत अशी की तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. आम्हीही नाही सांगितलं. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. दोन दिवसांनी सगळं संपून आम्ही घरी आलो. आनंद कोणाला सांगितलाच नव्हता, तर दुःख कसं सांगायचं? ज्यांना कळलं ते म्हणाले, तरुण आहात, पुन्हा होईल. तेही तिलाच म्हणाले. त्याला कोणी काही म्हणालं नाही. फक्त एका म्हाताऱ्या मावशींनी त्याला विचारलं, “तू जेवलास का रे?” ते वाक्य आमच्या घरात अजून निघतं.

कायद्याने गर्भपात झालेल्या नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. बापासाठी काही नाही. तो तिसऱ्या दिवशी कामावर गेला. घरी बोलायला बसलो की दोघांचा गळा दाटायचा, म्हणून आम्ही एक शंभरपानी वही स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. जाता-येता जे वाटेल ते तिच्यात लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. काय लिहिलं ते इथे नको. पण जखऱ्याच्या पाटीकडे आमचं लक्ष गेलं ते त्या वहीमुळे. आणि लूकने लिहिलंय की एलिझाबेथ पाच महिने घरातच राहिली, लोकांपुढे आली नाही. असं का, यावर मोठमोठे ग्रंथ असतील. ज्या घरातून एक बाळ न येताच गेलंय त्या घरातल्या बाईला ते ग्रंथ वाचावे लागत नाहीत.

घरातल्या थोरांनी आणखी एक प्रश्न विचारला. बाप्तिस्मा झाला नाही, मग त्या जिवाचं काय? लहानपणी त्यांना ‘लिंबो’ शिकवलेला. आमचे तेव्हाचे फादर घरी आले, त्यांनी प्रार्थना केली आणि शांतपणे समजावलं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेच्या हाती सोपवतं, असं आपल्या धर्मशिक्षण ग्रंथातच आहे. आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच प्रश्नावर एक दीर्घ दस्तऐवज काढला, त्याचा सूर आशेचा आहे. फादरांनी बोलताना दोघांकडे पाहिलं. म्हणून आमच्या बैठकीतही, पहिलं बाळ गमावलेलं जोडपं असेल तर आम्ही ते झाकत नाही. आधीचं दुःख नव्या बाळंतपणात येतंच, दार लावून ते बाहेर राहत नाही. दर सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हे नवऱ्यालाही होतं, आणि ते एकमेकांना सांगितलेलं बरं.

त्याच वेळी आम्हाला रक्तगटाची गोष्ट कळली. आमच्यापैकी तिचं रक्त ओ निगेटिव्ह, त्याचं बी पॉझिटिव्ह. आईचं रक्त निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असेल, आणि बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्या बाळाला बहुधा काही होत नाही, पुढच्याला धोका. म्हणून अशा आईला ‘अँटी-डी’ नावाचं इंजेक्शन देतात. गरोदरपणात 28 व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. गर्भ गेला तरी डॉक्टर ते देतात. आम्हालाही दिलं, आणि पुढे आमची मुलगी सुखरूप झाली त्यात त्या इंजेक्शनचा वाटा आहे. आमच्या बैठकीत सगळ्यात आधी आम्ही नवऱ्याच्या रक्तगटाचा कागद मागतो तो यासाठी. गरोदरपणाचे सगळे कागद बायकोच्या नावाचे. हा एक त्याच्या नावाचा. आणि हो, निगेटिव्ह म्हणजे दोष नव्हे. एका सासूबाईंनी सूनबाईचा रिपोर्ट वाचून “आधी सांगितलं नाही” म्हणून अबोला धरला होता, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता माहेरचा प्रश्न. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ख्रिस्ती झालो म्हणून ती सुटलेली नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं, हिरवी साडी नेसवायची, आता त्यात प्रार्थना आणि केकही आला, आणि मग मुलीला घेऊन जायचं. या रीतीत शहाणपण आहे. मरिया स्वतः एलिझाबेथकडे जाऊन तीन महिने राहिली. अशा वेळी बाईला बाई लागते. पण रीतीची एक बाजू अशी की नवरा या सगळ्यात पाहुणा होतो. बाळ झाल्याचा फोन येतो, तो पेढे घेऊन जातो, पाटावर बसून जेवतो, बाळाला दोन मिनिटं मांडीवर घेऊन परत येतो. सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी बायको घरी येते ती आई होऊनच, आणि हा अजून जावईच.

आमच्या सीमाभागात यात आणखी गुंते. सासर बेळगावात आणि माहेर चंदगडला किंवा गडहिंग्लजला. अंतर थोडं, पण मधे राज्य बदलतं. इकडे गरोदर बाईला जे कार्ड मिळतं त्याला ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका त्याला सरळ ताई कार्ड म्हणतात, आणि एका नव्या सुनेने खरोखरच विचारलं होतं की आक्का कार्ड कुठे मिळतं! तर ते कार्ड, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट बाईबरोबर माहेरी गेलेच पाहिजेत, आणि त्यांचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये हवेत. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, 21 दिवसांच्या आत. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नये, नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं. खानापूरच्या जंगलपट्टीत, कणकुंबी-जांबोटीकडे माहेर असेल आणि दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर आधीच आठ दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे येऊन राहावं, एवढंच सांगतो. जून-जुलैमधल्या तिथल्या पावसाबद्दल कोणाला सांगायला नको.

माहेरी जाऊ नका असं आम्ही कधीच म्हणत नाही. कुठे जायचं ते दोघांनी ठरवावं आणि ठरल्यावर दोघांनी मिळून दोन्ही घरांना सांगावं, एवढंच. रात्री कळा आल्या तर गाडी कोणाची? 108 ला फोन कोण करणार? रक्त लागलं तर कोण देणार? सही कोण करणार? नवरा पुण्याला किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात असेल तर किती तासांत पोचेल? हे प्रश्न बाईच्या आईवर टाकून चालत नाही. आणि तपासणीला एकदा तरी बरोबर जावं. सरकारी दवाखान्यांत 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथे बाकावर दोन तास बसलं की रक्तातलं हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे काय, आणि 180 दिवसांच्या गोळ्या का, हे नवऱ्याच्या आपोआप कानावर पडतं. गोळीने तोंड कडवट होतं, पोट धरतं, म्हणून बायका ती उशीखाली ठेवतात. तिथे सुपारीएवढा गूळ हातावर ठेवून समोर बसणारा नवरा कामाला येतो, उपदेश करणारा नाही.

बाळंतपणाच्या खोलीत नवऱ्याने जावं का? हा प्रश्न आला की सगळे हसतात. आमच्या मुलीच्या वेळी तो बाहेरच्या पॅसेजमध्ये होता. तेव्हा विचारायचीही पद्धत नव्हती. आता चित्र थोडं बदललंय. केंद्राच्या आरोग्य खात्याने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी सूचना काढल्या की प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस असावं. ते माणूस शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी. जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही जाऊ देता येतं. प्रत्यक्षात एकाच खोलीत चार खाटा आणि मधे पडदा नाही, असं असेल तर नवऱ्याला कसं सोडणार? इतर बायांचीही लाज राखायला हवी. म्हणून सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा. नवरा नाही तर कोण, हे बायकोने सांगावं. सासू की आई की बहीण, हे तिने ठरवावं. घरात वयाने मोठी कोण यावरून ते ठरू नये. इथेच पाटी पहिल्यांदा लागते. “तिला तिची बहीण आत हवी आहे,” हे वाक्य नवऱ्याने स्वतःच्या आईला सांगायचं असतं. सोपं नाही ते.

आमचा एक नियम आहे, तो बैठकीत आम्ही फळ्यावर लिहितो. ज्याची आई, त्याने बोलायचं. नवऱ्याच्या आईला नवऱ्याने सांगायचं, बायकोच्या आईला बायकोने. जावयाने सासूला किंवा सुनेने सासूला सुनावलं की गोष्ट मानापमानावर जाते आणि बाळ बाजूला राहतं.

नर्स कन्नड बोलणारी आणि बाई चंदगडची, असंही होतं. म्हणून आम्ही चार शब्द शिकवतो. नोवु म्हणजे दुखणं, नीरु म्हणजे पाणी, उसिरु म्हणजे श्वास. कळा सोसताना “उसिरु” ऐकू आलं आणि काय करायचं ते कळलं, एवढ्यानेही धीर येतो असं एका मुलीने नंतर सांगितलं.

बाळ झाल्यावर पहिल्या तासातच छातीशी. सिझर झालं तरी, आईची तब्येत ठीक असेल तर, लवकरात लवकर. पहिलं पिवळसर दूध म्हणजे चीक. काही घरांत अजून तो टाकून देतात आणि बाळाला मध चाटवतात, गुळाचं पाणी पाजतात. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नको. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, गुटी नाही. आता हे आजीला कोण सांगणार? तिने तिच्या काळी सहा मुलं गुटीवर वाढवली, तिला वेड्यात काढायचं नाही. पण बाळंतिणीने अंथरुणावरून एकटीने भांडायचं का? जखऱ्याच्या घरी जमलेल्या लोकांसारखेच हे लोक. वाईट नाहीत, हौशी आहेत, फक्त आईचा शब्द त्यांच्या कानात जात नाही. बापाने तोच शब्द पुन्हा म्हणायचा. स्वतःचं नवं मत त्यात घालायचं नाही.

सव्वा महिन्याबद्दल आम्हाला फार बोलावंसं वाटतं. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीचे दिवस मोजलेत: मुलगा झाला तर सात आणि तेहेतीस मिळून चाळीस, मुलगी झाली तर दुप्पट, ऐंशी. मरिया आणि योसेफ त्या हिशेबाप्रमाणे बाळाला घेऊन मंदिरात गेले, गरिबाची भेट म्हणून पक्ष्यांची जोडी दिली. नाताळपासून चाळिसावा दिवस म्हणून 2 फेब्रुवारीला आपण मेणबत्त्या आशीर्वादित करतो. त्या नियमात शुद्ध-अशुद्धतेची भाषा आहे, ती आता आपली नाही. आपण त्यातला आराम घ्यावा. एका आजोबांनी ‘मुलीचे ऐंशी दिवस’ ऐकून नाक मुरडलं, तेव्हा आम्ही म्हटलं, मग मुलीच्या आईला दुप्पट सुट्टी द्या की! जुन्या काळी चाळीस दिवसांनी आई चर्चच्या दाराशी यायची आणि फादर तिला आशीर्वाद देऊन आत न्यायचे. आता बाप्तिस्म्याच्या विधीतच शेवटी आईला आशीर्वाद आहे, आणि लगेच बापालाही. तो बापाचा आशीर्वाद चालू असताना बाप बहुतेक वेळा फोटोवाल्याशी बोलत असतो, हेही सांगून टाकतो.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, सगळं खावं, आम्ही खाल्लं. पण पाणी कमी प्यायचं ही समजूत सोडावी. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी भरपूर लागतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, तो धूर बाळाला घातक. शेक हवाच तर गरम पाण्याची पिशवी. रात्रीचं काय? दूध पाजणं सोडून बाकी सगळं बापाला जमतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रडणाऱ्याला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारणं. बाळ कमी वजनाचं असेल तर उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची पद्धत आहे, कांगारूसारखी. कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका डॉक्टरांनी ती 1978 मध्ये सुरू केली. तिथे काचपेट्या अपुऱ्या होत्या. ती ऊब बापालाही देता येते. आमच्या पॅरिशमधला एक ट्रकचालक बाप रोज दुपारी शर्टाची बटणं काढून असा बसायचा, तेव्हा शेजारच्या बायका खिडकीतून बघून जायच्या.

पती-पत्नीने पुन्हा जवळ कधी यायचं, याबद्दल फादर बोलत नाहीत आणि डॉक्टर घाईत असतात. सहा आठवड्यांची तपासणी होऊ द्या, आणि त्यानंतरही तिला विचारून. नर्सबाई बायकांशी वेगळं बोलतात, आम्ही तिथून उठतो.

रडण्याबद्दल मात्र सगळ्यांसमोर बोलतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला उगाच रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, झोप मिळूनही झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, आपण नसलेलं बरं असं मनात येतं, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. एडिंबरा शहरातल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये दहा साध्या प्रश्नांची एक यादी केली, आज ती जगभर वापरतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा सरळ आहे. नवऱ्याने विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

इथे आम्हाला आपल्याच माणसांशी थोडं भांडायचं आहे. प्रार्थना मंडळात अशा मुलीला कोणी म्हणतं, विश्वास कमी पडतोय, जपमाळ वाढव. कोणी नजर लागली म्हणतं, कोणी आणखी काही. बाळाला घेऊन दिवसातून बारा वेळा उठणाऱ्या मुलीला आम्ही जपमाळेची संख्या सांगणार नाही. तिच्यासाठी आपण जपमाळ करू, आणि करता करता तिच्या घरचे कपडे धुऊन टाकू. तिला डॉक्टरकडे नेणं हेही विश्वासाचंच काम आहे. नेणारा नवरा असेल तर फारच बरं. कधीकधी नवराच त्या काळोखात असतो. बापांनाही होतं ते. त्याला मात्र कोणी विचारत नाही, तो जेवला का म्हणून.

रजेचं म्हणाल तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बाईला 2017 पासून पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकर असलेल्या बापाला 15 दिवस. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या बापाला कायद्याने एकही नाही. आमच्या बैठकीतले बाप मग पाळी बदलून घेतात, ओव्हरटाइम करून दिवस साठवतात. असं साठवून मिळालेले चार दिवस बाळ झाल्या झाल्या घरभर पाहुणे असताना वापरू नका, असं आम्ही सांगतो. पाहुणे गेल्यावर, साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी, जेव्हा ती खरोखर एकटी पडते, तेव्हा वापरा.

शेवटचं एक काम आम्ही प्रत्येक बापाला आणि आईला शिकवतो, आणि ते कधी करायला लागू नये अशी प्रार्थना करतो. बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर वेळेत पोचणार नसतील, तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. बाप, आई, नर्स, कोणीही. चर्चला अभिप्रेत आहे तोच हेतू मनात हवा. साधं पाणी, बाळाच्या डोक्यावर ओतत, नाव घेऊन, त्र्येक देवाच्या नावाने. काचपेटीतल्या बाळाला थेंबभर पाणी चालेल का, हे तिथल्या नर्सला विचारावं. त्या समजून घेतात. नंतर पॅरिशमध्ये येऊन नोंद करावी. त्यासाठी नाव मात्र दोघांनी आधी ठरवलेलं हवं, मुलाचं एक आणि मुलीचं एक. गेल्या वर्षी एका तरुणाने हे सगळं वहीत लिहून घेतलं, मग मान वर करून विचारलं, “आणि माझा हात थरथरला तर?” आमच्यातल्या तिने त्याला सांगितलं, थरथरू दे, पाणी तरी पडेल.

जूनची बैठक 24 तारखेच्या आधीच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, चर्चच्या मागच्या वर्गात. येताना तायी कार्ड आणा, नवऱ्याच्या रक्तगटाचा कागद आणा. सातवा महिना लागला असेल त्यांनी दवाखान्यात विचारून या की आत कोणाला सोडतात. चहा आहे. पाऊस असेल तर मोटारसायकली वऱ्हांड्यात लावायला फादरांनी परवानगी दिली आहे, म्हणजे आता बाहेर बसायचं निमित्तही उरलं नाही.